पुलाला वारस नाहीत

पोर्तुगीजांनी गोव्यात साडेचारशे वर्षं काय काय केलं ह्याची यादी मोठी आहे आणि तिच्यातल्या बऱ्याच नोंदी विनोदी लेखात घालण्याजोग्या नाहीत. पण १६३३-३४ च्या सुमाराला त्यांच्या एका व्हाइसरॉयने असं एक काम केलं की त्याचं हसूही यावं आणि कौतुकही वाटावं. ह्या गृहस्थाचं नाव दों मिगेल द नोरोन्हा, किताब लिन्यारेसचा काउंट. त्याने पणजी ते रायबंदर असा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा दगडी पूल बांधला.

तीन किलोमीटरचा पूल म्हटल्यावर दोन्ही टोकांना काहीतरी भरभक्कम असेल असं कुणालाही वाटेल. रायबंदरच्या बाजूला ते होतं. थोडं पुढे गेलं की राजधानी, म्हणजे आजचं जुने गोवे. चर्चं, मठ, बाजार, जहाजं, सरदार, पालख्या, सगळा थाट तिथे. आणि पणजीच्या टोकाला काय होतं? आदिलशहाच्या काळातला एक वाडा, चढावर एक चर्च, खारव्यांच्या झोपड्या, माड आणि दलदल. डास होतेच. डासांना राजधानीत जायची सोय व्हावी म्हणून कुणी तीन किलोमीटर चिरा रचत नाही. पण लिन्यारेससाहेबांनी रचला खरा.

पुढे गंमत अशी झाली की राजधानीलाच रोगराईने ग्रासलं. पटकी आणि हिवतापाने माणसं पटापट मरायला लागली, उरलेली उठून गेली. सतराव्या शतकाच्या शेवटी व्हाइसरॉय स्वतःच जवळच्या पणेलीला राहायला आला, १७५९ मध्ये आणखी पुढे सरकून पणजीच्या आदिलशाही वाड्यात शिरला आणि १८४३ मध्ये पणजी कागदोपत्री राजधानी झाली. म्हणजे पूल झाला तो शहराच्या दोनशे वर्षं आधी. आपल्याकडचा क्रम वेगळा आहे. आधी वस्ती होते, मग गाड्या येतात, मग खोळंबा, मग मोर्चा, मग पायाभरणी, मग निवडणूक, मग त्याच जागी दुसरी पायाभरणी आणि ह्या सगळ्यातून जमलंच तर पूल. लिन्यारेसने मधल्या सगळ्या पायऱ्या गाळल्या. त्याला निवडून यायचं नव्हतं, हे त्याचं भाग्य म्हणायचं की आपलं, ते ज्याने त्याने ठरवावं.

मुळात हा नदीवर आडवा घातलेला पूल नाही. मांडवीच्या काठाकाठाने, दलदलीवरून घातलेला तो एक लांबलचक दगडी बांध आहे. मधून मधून कमानी, म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करायला मोकळं. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खाजनाची जमीन. मिठागरं आता बरीचशी ओस पडली आहेत. मीठ पिकवण्यापेक्षा दुकानातून पुडी आणणं स्वस्त पडतं, हा शोध आमच्याकडेही लागला. तिथे आता बगळे राहतात आणि हिवाळ्यात बाहेरून पाहुणे पक्षी येतात. हे पाहुणे हॉटेलात उतरत नसल्यामुळे पर्यटन खात्याच्या खिजगणतीत नसावेत.

रुंदी मात्र पालखीच्या हिशेबाने धरलेली दिसते. समोरासमोर दोन पालख्या आल्या तर भोयांनी एकमेकांना रामराम करून सरकावं इतपत. आज तिथे समोरासमोर दोन बसगाड्या येतात. दोन्ही ड्रायव्हर आरसे आत घेतात, श्वासही आत घेतात आणि मुंगीच्या पावलाने एकमेकांना ओलांडतात. नवा रस्ता होईपर्यंत फोंडा-बेळगावकडची रहदारीसुद्धा ह्याच पुलावरून जायची. ट्रक, कदंबाच्या बसगाड्या, मासळीवाल्यांच्या रिक्षा आणि पाठीमागे गिऱ्हाईक बसवून नेणारे मोटारसायकल पायलट, असा सगळा संसार सतराव्या शतकातल्या दगडांच्या छातीवरून दिवसरात्र धडधडत गेला. पुलाने हूं की चूं केलं नाही.

हा पूल टिकला कसा, ह्याबद्दल गोव्यात जितकी माणसं तितकी मतं. खालच्या चिखलात लाकडाचे ओंडके पुरले आहेत आणि ते पाण्यात दगडाहून घट्ट झाले आहेत, असं एक मत. दुसऱ्या मताप्रमाणे चुन्यात गूळ आणि अंड्यांचा बलक घातला होता. गूळ आणि अंडी ही थिअरी भारतातल्या प्रत्येक जुन्या बांधकामाला लागू आहे. किल्ला असो, वाडा असो की विहीर, सांगणारा गूळ आणि अंडी सांगणारच. सगळा हिशेब मांडला तर मधली दोनेकशे वर्षं ह्या देशात कुणाला आम्लेट मिळालं नसावं.

मला स्वतःला सर्वांत पटलेलं मत पुलाच्या कठड्यावर मिळालं. संध्याकाळी तिथे गरी टाकून मासे धरणारे बसलेले असतात. प्लास्टिकची बादली, आमिषाचा डबा, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर जगाशी आपला काही संबंध नसल्याचा भाव. त्यांतल्या एका म्हाताऱ्याशी बोलायला उभा राहिलो.

"बाब, नुस्तें मेळटा?"

"मेळटा न्हय, येता. आमी फकत बसपाचें."

बादलीत डोकावलो तर दोन शेवटे आणि एक काळुंदर. म्हणजे मासे येत होते, पण त्यांनाही घाई नव्हती.

"हो पूल कितलो पोरनो?"

"म्हज्या आज्याच्या आज्यापरस पोरनो."

"मग मोडना कसो?"

त्याने गरी वर ओढली, आमिष गेलेलं पाहिलं, नवं लावलं, परत पाण्यात सोडली आणि म्हणाला, "मोडटलो कसो? कोणूच दुरुस्त करीना."

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दृष्टीने हे विधान अन्यायाचं आहे, कारण डागडुजी होते. पण म्हाताऱ्याच्या बोलण्यामागे इतिहास होता. मांडवी ओलांडायला १९७० मध्ये नेहरू पूल झाला. तो ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्या दुर्घटनेत हसण्यासारखं काही नाही. पण पुढची काही वर्षं उत्तर काठावरचं बार्देस आणि पणजी पुन्हा फेरीबोटींच्या भरवशावर आली. फेरीच्या रांगेत उभी राहिलेली आमची पिढी नदीपलीकडच्या साडेतीनशे वर्षांच्या कमानींकडे बघत बघत ऑफिसला उशिरा पोचली. बरं, त्याच १९८६ साली युनेस्कोने जुन्या गोव्यातल्या चर्चांना आणि मठांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. लिन्यारेसच्या पुलाला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही अर्ज केला नाही. मांडवीवर दुसरा पूल १९९२ मध्ये आला. तिसरा, तारांनी तोललेला अटल सेतू, २७ जानेवारी २०१९ रोजी खुला झाला आणि दिसायला तो खरोखर देखणा आहे. २०२३ मध्ये वरचा रस्ता नीट करायला तो काही दिवस बंद ठेवावा लागला, तेव्हा मला कठड्यावरच्या म्हाताऱ्याची आठवण झाली. म्हाताऱ्याचा नियम इतक्या लवकर इतका तंतोतंत लागू पडेल असं वाटलं नव्हतं.

पुलाचं असं आहे. मात्र पुलाच्या दोन्ही टोकांना असलेली घरं एकेक करून मान टाकतायत, आणि तिथे म्हाताऱ्याचा नियम उपयोगी नाही.

पणजीच्या टोकाला, रुआ द ओरेमच्या खाडीच्या काठाने फोंतेन्हास. मोझांबिकमध्ये पैसा करून परतलेल्या एका गोंयकाराच्या माडांच्या बागेत ही वस्ती अठराव्या शतकाच्या शेवटाला उभी राहिली. पिवळी, निळी, तांबडी घरं, लोखंडी नक्षीचे सज्जे, दारावर निळ्या-पांढऱ्या टाइल्समध्ये लिहिलेलं नाव. पांढरा रंग फक्त चर्चला, घराने रंगीतच असावं आणि पावसाळा संपला की नवा हात मारावा, अशी पूर्वीची रीत. आता ही रीत पर्यटकांनी पाळायला घेतली आहे, म्हणजे घरांच्या पुढ्यात रंगीत कपडे घालून उभं राहण्याची. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. एकदा एक नवरदेव एका दाराच्या कडीला हात घालून 'घरी आलोय' अशी पोझ देत होता. तेवढ्यात दार आतून उघडलं आणि घरातली म्हातारी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आली. नवरदेवाला तिने खाली-वर न्याहाळलं आणि हातातली पिशवी त्याला दिली. "कोपऱ्यार गाडी येता," एवढंच म्हणाली. फोटोग्राफरने तोही फोटो काढला. ह्या घरांवर आता 'खाजगी घर आहे, फोटो काढू नये' अशा पाट्या लागल्या आहेत. लोक त्या पाट्यांचे फोटो काढतात.

रायबंदरच्या टोकाला हा त्रास नाही. तिथे पर्यटक थांबत नाहीत, कारण थांबायला जागा नाही. रस्ता, रस्त्याला लागून बल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा), बल्कांवाला लागून घर. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा आणि चोडणच्या फेरीचा भोंगा ह्यांतला फरक इथल्या पोराला दात येण्याआधी कळतो. बल्कांवावर बसलेल्या माणसाने पाय लांब केले तर ते बसच्या पायरीवर जावेत इतकी जवळीक. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं आहेत. उन्हात ती दुधी उजेड देतात, बाहेरचं काही दिसत नाही. बाहेरून आतलंही दिसत नाही, पण रायबंदरला त्याची गरज कधी भासली नाही. आत काय चाललंय ते सगळ्यांना माहीत असतंच.

ह्या रांगेत पाच घरांमागे एक घर बंद. कौलांवर पिंपळ, दाराला कुलूप, कुलपावर गंज, गंजावर कोळ्याचं जाळं. 'घर विकणें आसा' अशी पाटीसुद्धा नाही, कारण पाटी कुणी लावायची ह्यावर एकमत झालेलं नाही.

ह्याला कारण आमचा कायदा. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. पोर्तुगालने ती १९६७ मध्ये मोडीत काढून नवी आणली, आम्ही जुनी जपून वापरली. वारसाहक्काचा भाग २०१६ पासून गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला, पण गाभा तोच राहिला. आता हा कायदा वाईट आहे असं म्हणायची माझी छाती नाही आणि इच्छाही नाही. मुलगा-मुलगी सारखेच वारस, हे आमच्याकडे शतकाहून जुनं. उरलेल्या देशातल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क २००५ मध्ये मिळाला. नवरा-बायकोची मिळकत सामाईक, हेही न्यायाचंच. पण न्यायाला सह्या फार लागतात. घर विकायचं तर प्रत्येक भावाची सही, प्रत्येक बहिणीची सही, त्यांच्या बायकांच्या आणि नवऱ्यांच्या सह्या, आणि कुणी देवाघरी गेला असेल तर त्याच्या पोरांच्या, आणि त्या पोरांच्या बायकांच्या. त्यात गोंयकार एका जागी राहील तर शपथ. एक वारस मुंबईला, एक पुण्याला, एक दुबईला, एकाने पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडन गाठलेलं आणि एकजण कुठे आहे हे विचारायचं नाही असं घरात ठरलेलं.

लिन्यारेसचा पूल उभा आहे ह्याचं मर्म मला इथे सापडतं. काउंट पोर्तुगालला परत गेला, पुलाचा उतारा कुणाच्या नावावर चढला नाही. पूल पोरका राहिला आणि म्हणून सुखात आहे. घरं ज्यांची आहेत त्यांनी त्यांना प्रेमाने जखडलंय.

आमचंही एक व्हडलें घर आहे. रस्त्यापासून थोडं आत, राजांगणाचं. मध्ये तुळशी वृंदावन, चारी बाजूंना ओसरी, मागे देवखोली, त्यामागे न्हाणी आणि न्हाणीपलीकडे ज्यावरून भांडण चालू आहे ते फणसाचं झाड. वर्षभर त्या घरात कुणी राहत नाही. चवथीला मात्र दहा दिशांनी माणसं येतात. दार ढकललं की आधी वटवाघळं बाहेर पडतात, मग आम्ही आत जातो. दोन दिवस झाडलोट, एक दिवस विजेच्या बोर्डाशी झटापट, आणि मग गणपती.

आमच्याकडे गणपतीवर माटोळी बांधतात, हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला रानातली, बागेतली फळं-भाज्या बांधायच्या. नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, तोरंजन, कवंडळ, चिबूड, भोपळा, केळीचे घड. ज्याची माटोळी भरगच्च त्याचं घराणं मोठं. साहजिकच ती जड असते आणि तिचा सगळा भार देवखोलीतल्या एका तुळईवर येतो. त्या तुळईत आजोबांच्या वेळचे लोखंडी आकडे आहेत. गेल्या काही चवथींपासून एक आकडा खाली झुकला आहे. आकडा झुकलाय की तुळई, ह्यावर घरात दोन पक्ष आहेत.

सरकारी नोकरीत इंजिनीअर असलेल्या आमच्या चुलतभावाने स्टुलावर चढून तुळई बोटांनी ठोकून पाहिली. भुसा खाली पडला. तो खाली उतरला, हात झटकले आणि म्हणाला, "आत पोकळ आहे, पण बाहेरून चांगली आहे." हे तो घरातल्या कुणाबद्दल बोलतोय असं वाटून मुंबईच्या आत्याने मान वळवली.

"तुळई बदलायला हवी," थोरले काका म्हणाले.

"बदला," आत्या म्हणाली, "पण तीच ठेवा. बाबांनी सत्तरी तालुक्यातून सागवान आणून घातली होती."

"आत्या, बदलायची म्हणजे ती काढायची."

"काढा की. पण परत बसवा."

लंडनवाला व्हिडिओ कॉलवर होता. त्याने मोबाइल तुळईजवळ न्यायला सांगितलं, बराच वेळ पाहिलं आणि मंगलोरी कौलं काढून पत्रा घाला असं सुचवलं. त्याचा फोन कुणीतरी चुकून बंद केला. 'व्हडलें घर' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुळईचे फोटो टाकले गेले. अंगठे भरपूर आले, हात जोडलेले आले, एक 'जुने दिवस आठवले' आलं, एकाने रडणारा चेहरा टाकला. खर्चाचा आकडा टाकल्यावर ग्रुपवर जी शांतता पसरली ती गणपती जाईपर्यंत टिकली.

शेवटी मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावलं. तो राजांगणात उभा राहिला, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि एका शब्दात निकाल दिला: "टेकू." भाटातला एक वाळलेला माड तोडून त्याचं खोड कापून आणलं आणि तुळईखाली उभं केलं. खाली चिऱ्याचा दगड, वर पाचर. माटोळी दिमाखात टांगली गेली, आरती झाली आणि गणपतीला टेकूच्या डाव्या बाजूने थोडं वाकून बघावं लागलं, एवढंच. टेकू तात्पुरता होता. पुढच्या चवथीला त्याला हळदकुंकू लागलेलं दिसलं, कुणी लावलं ते कळलं नाही. त्यापुढच्या चवथीला त्याच्या खिळ्याला पंचांग लटकलं होतं.

भानगड झाली ती इन्व्हेंटरीच्या वेळी. घराची वाटणी व्हावी म्हणून दोन भावांनी शेवटी कोर्टात इन्व्हेंटरी घातली. घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी करायची होती. पितळेचे हंडे, शिसवी पलंग, दळायचं जातं, सगळं लिहून झालं आणि पुण्याच्या भावाने विचारलं की टेकूचं काय. ज्या माडाचा तो टेकू, तो माड सामाईक होता, तोडताना आपली परवानगी घेतली नव्हती, तेव्हा त्यातला आपला वाटा नोंदला जावा. एकाने म्हटलं, टेकू जंगम मालमत्तेत घ्या. दुसऱ्याने हरकत घेतली: तो घराला लागलेला आहे, स्थावर धरा. ह्यावर तीन रविवार बैठका झाल्या. थोरल्या काकांनी मध्यस्थी म्हणून सुचवलं की टेकूचे सारखे तुकडे करून ज्याला त्याला वाटून टाकावे, म्हणजे तक्रारच नको. तुळईकडे बघून ही सूचना त्यांनी स्वतःच मागे घेतली.

मग वकिलाकडे गेलो. म्हापशाचे जुने वकील, कागद न वाचता ऐकून घेणारे. आमचं सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"सोपं आहे," ते म्हणाले. "तो काढून बघा. घर राहिलं तर जंगम. नाही राहिलं तर स्थावर."

सल्ल्याची फी सगळ्या वारसांत सारखी वाटायची असं तिथल्या तिथे एकमताने ठरलं. ती अजून कुणी दिलेली नाही.